साइट मॉनिटर बदलीच्या नोंदी : ठाणे–नवी मुंबई, एप्रिल ते जून २०२५

२ एप्रिल, बुधवार

पाडव्याची सुट्टी संपली आणि सोमवारच्या रात्री, खरं तर मंगळवारी पहाटे २.१० ला, पातलीपाड्याच्या आमच्या साइटची (घरोघर रेडिओनं इंटरनेट पोचवणारी गच्चीवरची जागा) लाइट गेली. २.५० ला साइट झोपली. चाळीस मिनिटं. खोक्यात ४२ अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, साइटचा भार २.४ अँपिअर. कागदावर सतरा तास निघतात. म्हाताऱ्या झाल्या म्हणून निम्मे धरा, तरी आठ.

घोडबंदर रोडच्या त्या पट्ट्यातली साडेतीनशे घरं गेली, आणि तिथून येऊरला जाणारी लिंकही गेली. पहाटे तीनला इंटरनेट कोणाला लागतंय, असं मला वाटायचं. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी किती माणसं त्या इमारतींत राहतात, ते फोन घेता घेता कळलं.

सकाळी मॉनिटरचा (साइटच्या बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या खोक्याचा) ग्राफ काढला. ५४.२ व्होल्ट. महिनाभर सरळ रेघ, मग चाळीस मिनिटांत कडा, मग काही नाही. शेठ म्हणाले, "मशीन तर सांगत होतं सगळं ठीक आहे." मशीन खोटं बोलत नव्हतं. लाइट असताना बॅटरीच्या टोकांवर दिसतं ते चार्जरचं व्होल्टेज. आत मेलेल्या बॅटऱ्या असल्या तरी चार्जर ५४.२ दाखवतोच. सहा वर्षं आम्ही चार्जरची तब्येत बघत होतो आणि बॅटरी ठणठणीत आहे म्हणत होतो.

शेठनी विचारलं, नवीन मॉनिटर लावायचा का. मी म्हटलं, लावायचा, पण आधी त्याला काय विचारायचं ते ठरवू. पातलीपाड्याला नवीन बॅटऱ्या आजच चढवल्या. लिफ्ट बंद होती. बाराव्या मजल्यापर्यंत चार बॅटऱ्या कशा गेल्या ते रिगर दादाच्या पाठीला विचारावं.

७ एप्रिल, सोमवार

चार दिवसांत नऊही साइट्स फिरून झाल्या: पातलीपाडा, कोलशेत, येऊर, खारेगाव, शीळ, ऐरोली, महापे, बेलापूर, उलवे. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाले, त्यानंतरच्या उत्साहात २०१९ मध्ये लावलेल्या या साइट्स. मॉनिटरची खोकी तेव्हाचीच. ती काय सांगतात? बॅटरीचं व्होल्टेज, खोक्यातलं तापमान, आणि दोन रिले (आज्ञेनं वीज जोडणारे-तोडणारे स्विच). एसएनएमपीचा (नेटवर्कवरून खोक्याचे आकडे वाचण्याच्या पद्धतीचा) परवलीचा शब्द सगळीकडे कारखान्यातून आला तसाच, 'पब्लिक'. म्हणजे दाराला कुलूप आहे, किल्ली कुलपालाच लटकवलेली.

खारेगावचं खोकं उघडलं तर आत मातीचा गोळा. कुंभारमाशीनं नेमकं नेटवर्कच्या रिकाम्या पोर्टात घर बांधलंय, लिंपून, गुळगुळीत करून. इतकी सफाई आमच्या वायरिंगमध्ये नाही. उलव्याला खारी हवा: टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडलेत, एकाचं डोकं पेचकस लावताच गळून हातात आलं. येऊरला उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडली आहे. त्यामुळे तिथलं तापमान गेले आठ महिने उणे १२७ अंश दिसत होतं आणि आमच्यातल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. यात मीही आलो.

केबलची छिद्रं खोक्याच्या वरच्या बाजूला पाडलेली सापडली पाच साइट्सवर. नवीन खोक्यांना छिद्र फक्त खालून, आणि केबल आधी खाली झोल देऊन मग वर. पाणी वायरीवरून चालत येतं आणि उतार संपला की टपकतं. ते बाहेर टपकलं पाहिजे.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. ऑफिसच्या मागच्या देवळाचा भोंगा सकाळपासून सुरू, म्हणून बैठक चहावाल्याकडे.

प्रश्न एकच: तयार मॉनिटर घ्यायचे की स्वतः बांधायचे. बाहेरून येणारे तयार चांगले असतात, पण नऊ घ्यायचे म्हणजे किंमत, ड्युटी आणि सहा आठवडे वाट. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी गच्च्यांवरचं काम संपलं नाही तर संपलंच म्हणून समजा, मग ऑक्टोबर. ठरलं: स्वतः बांधायचे. ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलर चिपचा, तारेच्या नेटवर्कवाला बोर्ड. वायफाय नको. ज्या गच्चीवर आपणच सहा रेडिओ लावलेत तिथे आणखी एकाची भर कशाला.

काय मोजायचं यावर जास्त वेळ गेला. शेठना व्होल्टेज, तापमान, दरवाजा उघडा की बंद, एवढं पुरे वाटत होतं. मी करंटवर अडून बसलो. बॅटरीत किती गेलं आणि बॅटरीतून किती आलं, हे दोन्ही मोजलं तरच ती किती उरली ते कळतं. शिवाय चार बॅटऱ्यांच्या माळेच्या मधोमध एक तार: वरच्या दोघींचं व्होल्टेज वेगळं, खालच्या दोघींचं वेगळं. दोन्ही सारखे असायला हवेत. फरक पडला की एखादी आजारी आहे. ही तार जवळपास फुकट आहे, आणि ती आपण आजवर एकाही साइटवर ओढलेली नाही.

आणि लाइट आहे की नाही, हे वेगळं मोजायचं. आत्तापर्यंत व्होल्टेज उतरायला लागलं की लाइट गेली असावी असा अंदाज बांधायचो. चार्जर मेला तरी व्होल्टेज तसंच उतरतं. एकात वाट बघायची असते, दुसऱ्यात गाडी काढायची असते.

बाजारात आरएस-४८५ वाला स्वस्त डीसी मीटर मिळतो, तो एक आणून पाहिला. दिसायला छान. करंट फक्त एकाच दिशेचा मोजतो. बॅटरी चार्ज होताना शून्य दाखवतो. आपल्या कामाचा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, म्हणून लॅमिंग्टन रोडची फेरी आज सकाळी. शंट (करंट मोजायला वाटेत बसवायची अगदी कमी रोधाची पट्टी), सेन्सर, मोजणीच्या चिपचे बोर्ड, निळे रिले, असं पिशवीभर घेऊन आलो.

दुपारी टेबलावर जोडलं. करंट मोजायची चिप आणली होती आयएनए २२६. सगळे तीच वापरतात, मीही १२ व्होल्टवर वापरलेली. ५४ व्होल्ट दिले. आवाज नाही, ठिणगी नाही, फक्त चिपच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उठला आणि तो वास आला. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय: ३६ व्होल्टपर्यंत. २२८ नंबरची चिप ८५ पर्यंत चालते, ती घ्यायला हवी होती. अशा बारा २२६ आणून ठेवल्या आहेत.

मग रिले. धाकटा (आमचा शिकाऊ, आयटीआयचा) म्हणाला, "सर, याच्यावर तर दहा अँपिअर लिहिलंय, आपल्याला दोनच लागतात." लिहिलंय खरं. पण पुढे वाचलं का? दहा अँपिअर २५० व्होल्ट एसीला, आणि डीसीला दहा अँपिअर ३० व्होल्टपर्यंत. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. खोलीतला दिवा बंद करून ५४ व्होल्टवर दोन अँपिअरचा भार लावून रिले खटखट करून दाखवला. निळ्या प्लॅस्टिकच्या आत दर वेळी जांभळी रेघ उमटते, आणि ती हवी त्यापेक्षा जास्त वेळ थांबते. विसाव्या-पंचविसाव्या खटक्याला संपर्क चिकटून बसला. बंद म्हटलं तरी चालूच. दहा व्होल्टनं कमी असतं तर कदाचित महिनाभर चाललं असतं आणि मग पावसात चिकटलं असतं.

थोडक्यात, दुकानातलं सगळं बारा आणि चोवीस व्होल्टवाल्यांसाठी असतं. आपण चोपन्न व्होल्टची माणसं. नऊ साइट्सच्या यादीवर लाल पेनानं लिहून ठेवलंय: प्रत्येक सुट्या भागाची डीसी मर्यादा आधी वाचायची.

रिलेच्या जागी मॉसफेटची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) पाटी. तिचं गेट (आज्ञा घेणारं टोक) मुळातच 'चालू' बाजूला ओढलेलं: मॉनिटर मेला, सुटला, जळला, तरी रेडिओला वीज जात राहील. राखणदार झोपला म्हणून घरातला दिवा विझायचं कारण नाही. जुन्या खोक्यांत हे उलटं होतं, तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

२२८ चे बोर्ड आले. शंट ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टवाला, म्हणजे दीड मिलिओहम. आपल्या २.४ अँपिअरला त्यावर पडतात ३.६ मिलिव्होल्ट. इतकं बारीक मोजायचं तर शंटच्या दोन मोजणीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन, आखूड, आणि थेट शंटच्या छोट्या स्क्रूवरून घ्यायच्या. मोठ्या बोल्टवरून घेतल्या तर बोल्टचा गंजही मोजला जातो. पहिल्या जोडणीत मी तेच केलं आणि भार दिसला ३.१ अँपिअर.

वाया गेलेल्या २२६ मधल्या नऊ कामी लागल्या, मधल्या तारेवर. तिथे २७ च्या आसपास व्होल्ट असतात, ३६ च्या आत. पण खालची बॅटरी आतून तुटली तर त्या तारेवर पूर्ण ५४ येऊ शकतात, म्हणून आधी दोन सारखे रेझिस्टर लावून निम्मे केले. आणि बॅटरीच्या अगदी जवळ एक फ्यूज. बॅटरीवरून निघणाऱ्या कुठल्याही तारेला, कितीही बारीक असो, फ्यूज हवाच.

एसएनएमपीची तिसरी आवृत्ती या बोर्डावर जमवणं माझ्या आवाक्याबाहेर गेलं, हे मान्य करतो. दोन रात्री घातल्या. शेवटी: वाचन दुसऱ्या आवृत्तीत, फक्त वाचन, आणि तेही व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमध्येच (त्याच तारांवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये). आज्ञा द्यायच्या त्या टीएलएसवरून (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवरून) एमक्यूटीटीनं (छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीनं). 'पब्लिक' नावाचा शब्द नऊही ठिकाणांहून हद्दपार.

२६ एप्रिल, शनिवार

पहिलं नवीन खोकं खारेगावला. माशीचं घर तसंच ठेवून जुनं खोकं खाली आणलं, धाकट्याला टाकवेना.

सकाळी ११ ला चालू केलं. साडेअकराला मधल्या तारेचा आकडा बघितला: खालच्या दोन बॅटऱ्या २५.९, वरच्या दोन २८.३. बेरीज ५४.२. म्हणजे जुन्या मॉनिटरच्या लेखी सगळं उत्तम! एकेक बॅटरी मीटरनं मोजली: खालच्या दोघींतली एक ११.८, बाकी तिघी १४.१ च्या वर. त्या एकीचा सहापैकी एक सेल आतून शॉर्ट आहे. तिच्या वाट्याचं व्होल्टेज इतर तिघी सोसतायत, जास्त चार्ज होऊन आतल्या आत सुकतायत. एक सडका आंबा आणि अख्खी आढी.

अर्धा तास, एक पैशाची तार. मी शेठना लगेच फोन केला, जरा जास्तच आनंदानं. ते म्हणाले, "म्हणजे अजून चार बॅटऱ्या." हो, अजून चार. पण या वेळी दिवसाढवळ्या.

३ मे, शनिवार

कोलशेत, ऐरोली, पातलीपाडा झालं.

रात्री ३.१२ ला ऐरोलीहून मेसेज: 'बॅटरीचं तापमान ८५ अंश.' झोपेतून उठून गाडीची किल्ली हातात घेतली होती. मग मेसेजची तारीख दिसली: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. बसलो आणि हसलो.

दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे. डीएस १८बी२० हा सेन्सर वीज आल्यावर पहिलं खरं मोजमाप होईपर्यंत ८५ दाखवतो, तो त्याचा जन्माचा आकडा. आणि घड्याळ नसलेला बोर्ड उठला की त्याच्या लेखी काळ १९७० पासून सुरू होतो. भारतीय वेळेत ते साडेपाच. म्हणजे बोर्ड रीस्टार्ट झाला होता, एवढीच खरी बातमी. ती नेमकी मेसेजमध्ये नव्हती.

तीन दुरुस्त्या. पहिलं वाचन फेकून द्यायचं. वेळ जुळल्याशिवाय इशारा पाठवायचा नाही. आणि बोर्ड का रीस्टार्ट झाला ते कारण पहिल्या मेसेजमध्ये. वेळेचं म्हणाल तर एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या घड्याळाशी जुळवणं आणि १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं, हे सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशापासून आपल्याला करावंच लागतं. राउटरांना लावलं होतं, या पिल्लांना विसरलो होतो.

उणे १२७ आलं तर 'सेन्सर तुटला' असं स्पष्ट लिहून येईल. आठ महिन्यांची लाज एकदाच पुरे.

८ मे, गुरुवार

येऊरचं खोकं रविवारी लावलं होतं. मंगळवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस, धुळीचं वादळ, विजा. येऊरचा नवीन मॉनिटर तीन दिवसही जगला नाही. रेडिओ जिवंत, स्विच जिवंत, मेला तो फक्त राखणदार.

काल दुपारी गेलो. संध्याकाळनंतर त्या बाजूला काम काढायचं नाही हा आमचा नियम. बिबट्याचं निमित्त सांगतो, पण धाकटा माकडांनाच जास्त घाबरतो.

मेला कसा ते सापडलं. तिथे बॅटऱ्या वेगळ्या खोलीत आहेत, म्हणून बॅटरीच्या तापमानाच्या सेन्सरची वायर सहा मीटर उघड्यावरून नेली होती. प्रत्येक नेटवर्क केबलला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) लावलेला, आणि ही तीन तारांची सुतळी तशीच मोकळी. वीज कुठेतरी डोंगरावर पडली असेल. सहा मीटरचा अँटेना आपणच ताणून ठेवला होता. उंदरांनी मागच्या वेळी ती कुरतडली ते बरंच केलं म्हणायचं.

त्याहून वाईट पुढे. सर्ज अरेस्टरची हिरवी तार कुठे जाते ते बघत गेलो, तर ती गच्चीच्या कठड्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली. पाइप सिमेंटमध्ये संपतो. २०१९ मध्ये घाईत केलेलं काम, केलेलं मीच. अर्थिंगचा जुना खड्डा घराच्या मागे आहे, त्याचा रोध मोजला: ६४ ओहम. मे महिन्यातला कोरडा मुरूम आणि खाली काळा पाषाण, दुसरं काय निघणार. इलेक्ट्रिशियन मामांनी खड्डा उकरून मीठ-कोळसा बदलला, शेजारी दुसरा खड्डा घेऊन दोन्ही पट्टीनं जोडले, चार बादल्या पाणी ओतलं. आज सकाळी ७ ओहम. मामा म्हणाले, "पाच पाहिजे होता." मलाही.

सेन्सरची वायर आता लोखंडी पाइपातून, दोन्ही टोकांना टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज शोषणारे). सगळ्या हिरव्या तारा एकाच पट्टीवर.

१४ मे, बुधवार

आजची नोंद लिहायला हात वळत नाही.

उलव्याचं खोकं काल लागलं. आज ऑफिसातून वीज तोडण्याची चाचणी. नियम असा ठेवलाय: आज्ञा दिली की दहा सेकंद बंद आणि मग बोर्ड स्वतःच चालू करतो, आपल्या उत्तराची वाट बघत नाही. पण सेक्टरच्या (एकेका दिशेच्या ग्राहकांच्या रेडिओच्या) चाचणीसाठी मी 'पुढील आज्ञेपर्यंत बंद' अशीही एक आज्ञा ठेवली होती. वाटलं, कधीतरी लागेल. दुपारी ३.४० ला चौथ्या सेक्टरला ती दिली.

खोक्यात ३ आणि ४ च्या तारांची अदलाबदल झालेली. ३ वर बॅकहॉल. म्हणजे उलव्याला इंटरनेट नेणारा रेडिओ मी बंद केला, आणि चालू करण्याची आज्ञा जाणार होती त्याच रेडिओवरून. बसल्या फांदीवर घाव घालणारे आम्हीच.

ठाणे-बेलापूर रोड, उरण फाटा, उलवे: पावणेदोन तास. वाटेत अकरा फोन. एक आजी दर पंधरा मिनिटांनी शांतपणे विचारत होत्या, "बाळा, मालिका सुरू व्हायच्या आत होईल ना?" झालं, पण सुरुवात हुकली.

गच्चीवर जाऊन केलं काय? मॉनिटरची वीज काढली. गेट मुळातच चालू बाजूला ओढलेलं, त्यामुळे बॅकहॉल लगेच उठला. म्हणजे जे मी पावणेदोन तास गाडी चालवून केलं, ते बोर्डाला स्वतःला करता आलं असतं. रात्री दोन बदल टाकले, सगळ्या साइट्सवर. 'पुढील आज्ञेपर्यंत बंद' ही आज्ञाच काढून टाकली. जास्तीत जास्त तीस सेकंद. आणि पाच मिनिटं सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर बोर्ड सगळे गेट सोडून देतो.

बॅकहॉलच्या तारेला लाल टेप. हे काम मात्र सॉफ्टवेअरनं होत नाही.

१९ मे, सोमवार

बेलापूर. सोसायटीच्या कमिटीसमोर एक तास. सेक्रेटरी साहेबांना खोक्यावरचा लुकलुकणारा दिवा खटकत होता: कॅमेरा तर नाही ना? उघडून दाखवलं. दिव्यावर काळी टेप लावली. परवानगी मिळाली, चहाही.

२३ मे, शुक्रवार

महापे, एमआयडीसी. इथे मागच्या वर्षी लिथियम बसवली आहे, सोळा सेलची लोह-फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. माझा करंटचा हट्ट इथे फळाला आला.

चार्जर बंद करून भारावर सोडली आणि दिवसभर बघत बसलो. नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत येताना व्होल्टेज जेमतेम सव्वा व्होल्टनं उतरतं, ५२.८ वरून ५१.६ च्या आसपास. मधल्या सगळ्या प्रवासात ती एकच चेहरा ठेवते, आणि शेवटी एकदम कोसळते. शिशाची बॅटरी निदान कण्हते तरी. जुन्या मॉनिटरला इथे 'अर्धी' आणि 'जवळपास भरलेली' यातला फरक कळूच शकला नसता.

म्हणून आत-बाहेरच्या अँपिअर-अवरचा जमाखर्च. त्यात रोज थोडी चूक साचते. तिचा हिशोब शून्यावर आणायला ५६ व्होल्ट आणि करंट २ अँपिअरच्या खाली, हे दोन्ही जुळलं की शंभर टक्के धरायचं.

शिशाच्या बॅटरीच्या साइट्सना मासिक परीक्षा लावली: पहिल्या रविवारी सकाळी चार्जरची वीज अर्धा तास तोडायची, भारावर व्होल्टेज किती पडतं ते लिहायचं, ४८ च्या खाली गेलं तर परीक्षा तिथेच सोडून चार्जर परत जोडायचा. आणि तापमान: खोक्यात दुपारी ४५ अंश असतात, तिथे २५ अंशांचे ५४.२ देत राहणं म्हणजे बॅटरी शिजवणं. दर सेलला दर अंशामागे ३ मिलिव्होल्ट कमी, असा चोवीस सेलचा हिशोब ५२.८ वर येतो. आपल्या सहा चार्जरपैकी दोघांनाच ही सोय आहे. बाकीच्यांचं काय करायचं ते शेठशी बोलायचं आहे, योग्य दिवस बघून.

२६ मे, सोमवार

११ जूनच्या हिशोबानं चाललो होतो. मॉन्सून आजच मुंबईत दाखल झाला. सोळा दिवस आधी, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधीच नाही. सकाळपासून धो धो. शीळ राहिलं. शीळच्या मनोऱ्यावर या पावसात कुणालाही चढवणार नाही, रिगर दादा स्वतःहून तयार झाला तरी.

आठ साइट्सपैकी तीनदा लाइट गेली: कोलशेत, खारेगाव, उलवे. तिन्ही वेळा मेसेजमध्ये लाइट गेली, बॅटरी किती, भार किती, अंदाजे किती तास, हे चारही आकडे आले. खारेगाव पाच तास दहा मिनिटं बॅटरीवर होतं. मी ऑफिसात बसून बघत होतो. सवय नसल्यामुळे दोनदा गाडीची किल्ली उचलली आणि परत ठेवली.

३१ मे, शनिवार

याचा मॉनिटरशी थेट संबंध नाही, पण मॉनिटरमुळेच दिसलं, म्हणून इथेच.

बेलापूर–उलवे लिंकचा सिग्नल आता दर तीस सेकंदांनी नोंदला जातो. पूर्वी पाच मिनिटांची सरासरी. तीन दिवस ग्राफमध्ये दुपारी दोन खड्डे दिसतायत, काही मिनिटांचे. परवा १२.५० आणि ३.१०. काल १.३५ आणि ४.००. आज २.२० आणि ४.५०. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा रेडिओ आडवा येतोय. पण दुसऱ्याचा रेडिओ रोज पाऊण तास उशिरा कशाला कामावर येईल?

उलव्याला ज्यांच्या गच्चीवर साइट आहे ते आगरी काका, त्यांना सहज फोनवर सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आज पंचमी ना? पाच पाऊण पावणेचार." मला कळेना. मग त्यांनी समजावलं: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. ही पाऊणकी त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी नाही, होडीसाठी पाठ करून घेतली होती. आजच्या दोन खड्ड्यांचा मध्य काढला: ३.३५. दहा मिनिटांचा फरक.

मधे पनवेलची खाडी. रेडिओची एक लहर सरळ जाते, एक पाण्यावरून परावर्तित होऊन. ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पाच सेंटिमीटरची. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर आली की दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. भरती चढताना ती उंची एकदा येते, उतरताना पुन्हा. म्हणून खड्डे जोडीनं, आणि भरतीच्या वेळेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर.

उपाय: बेलापूरचा डिश गच्चीच्या कडेवरून चारेक मीटर मागे घ्यायचा, म्हणजे पाण्याकडून येणारी लहर कठड्याला अडेल आणि सरळ येणारी वरून जाईल. उघाड मिळाली की करू. तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून ग्राहकांच्या तक्रारी घेतोय.

९ जून, सोमवार

आठ साइट्स नवीन, शीळ जुनीच. पहिली मासिक परीक्षा १ जूनच्या रविवारी होती, ती वेळेवर झाली नाही. कारण मी वेळ सकाळी सात लिहिली आणि बोर्डाचं घड्याळ जागतिक वेळेवर. ती दुपारी साडेबाराला झाली. सगळ्या पास, कोलशेत काठावर: ४८.३.

ऐरोलीच्या खोक्यात आर्द्रता वाढतेय, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. दरवाज्याचा सेन्सर महाप्याला दिवसातून चाळीसदा उघड-मीट दाखवतो; चुंबक सैल असावं, नाहीतर पाल. येऊरचा अर्थिंग खड्डा पाऊस मुरल्यावर पुन्हा मोजायचा. उरलेल्या दोन २२६ धाकट्याला दिल्यात, १२ व्होल्टवर काहीतरी बनवतोय. शीळच्या मनोऱ्याची किल्ली वॉचमन काकांकडे राहिली आहे, ते गावाहून आले की आणायची.